ओल्या पँटचा कोन

तारकाकूंची निम्मी हयात टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेली आणि उरलेली निम्मी नवऱ्याला "हात लावू नका" सांगण्यात. निवृत्त झाल्यावर त्यांनी गॅलरीच बळकावली. तिथे एक फळी उभी केली, तिच्यावर छोट्या छोट्या अँटेनांची रांग लावली आणि प्रत्येकीच्या पाठीशी एकात एक सरकणाऱ्या पितळी नळ्या बसवल्या. नळी बाहेर ओढली की रेडिओलहरीचा रस्ता लांबतो. पहिली थोडी, दुसरी जरा जास्त, अशा सगळ्या ओढत गेलं की फळी तसूभर न हलता तिचा कान हवा तिकडे वळतो, आणि लहर कुठलीही असली तरी चालते. असलं यंत्र बाजारातून आणायचं तर घर विकावं लागलं असतं. काकूंनी भंगारवाल्याला पटवलं, पडद्यांच्या कप्प्या उपटल्या आणि सगळ्या नळ्या एका दोरीला बांधल्या. दोरी कपडे वाळत घालायचीच होती.

शेजारीपाजारी हसले. हसेनात का. काकूंची मुलगी मालवाहू जहाजावर रेडिओ सांभाळायची, आणि ते जहाज आज दुपारी किनाऱ्याच्या बऱ्याच बाहेरून जाणार होतं. नंतर थेट पुढच्या वर्षी. समुद्रात फोन लागत नाही. तिचा आवाज कानावर पडावा म्हणून हा सारा खटाटोप, आणि सकाळपासून काकूंचा जीव टांगणीला लागला होता.

दुपारी त्यांनी खुणेपर्यंत दोरी ओढून बांधली आणि आत टेबलावरच्या, माईक असलेल्या रेडिओपाशी बसल्या. नुसती खरखर. जहाजाच्या दिशेचा कोन त्यांनी अचूक काढला होता, फक्त फळीच्या मागे उभं राहून काढल्यामुळे डाव्याचं उजवं झालं होतं. पण स्वतःच्या गणितावर शंका घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

तेवढ्यात खरखरीतून आवाज आला, "आई? ऐकू येतंय का?"

काकू धावत गॅलरीत गेल्या. पाहतात तर काय, नवरोबांनी सवयीने पिळायची राहिलेली पँट दोरीवर टाकलेली; तिच्या ओझ्याने दोरी आणखी ओढली जाऊन फळीचा कान बरोबर दुसऱ्या बाजूला, जहाजाकडे वळला होता. काकूंना पाहताच त्यांनी ती काढायला हात घातला.

"खबरदार काढाल तर."

"अगं, पण तूच म्हणतेस ना, हात लावू नका."

"तेच म्हणतेय."

पण पँट निथळत होती. वजन घटलं तसा आवाज बुडायला लागला. नवरोबांनी मदत म्हणून पँटवर बादलीभर पाणी ओतलं, तर भलत्याच जहाजावरचा स्वयंपाकी मिठावरून भांडताना ऐकू आला. काकूंनी पँट भिरकावली, दोरी स्वतःच्या मुठीत धरली आणि हळूहळू ओढत मुलीला शोधून काढलं.

"आई, ऐकत असशील ना?" मुलगी म्हणत होती. "बाबा आहेत का? त्यांना दे ना आधी."

दोरी गॅलरीत आणि माईक आत टेबलावर. काकूंना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण दोरी नवऱ्याच्या हाती देणं म्हणजे लेक हातची घालवणं.

"बसा तिथे," त्या म्हणाल्या. "बटण दाबून बोला. आणि पँटचं काही सांगू नका."

नवरोबांनी आधी पँटचंच सांगितलं. मुलगी खो खो हसत सुटली. जहाज पुढे सरकत होतं, दोरी काकूंच्या बोटांत रुतत होती, आणि हसू तुटू नये म्हणून त्या ती केसभर, केसभर सोडत होत्या.