प्रवाशांचे ठिपके

शहाद्यात माझ्या शेजारी राहणारी इंजिनियर जिल्ह्यातल्या जीपगाड्या कुठवर आल्या ते दाखवणारं अ‍ॅप चालवते. तिच्या अ‍ॅपमधली माहिती घेऊन दुसऱ्यांनीही अ‍ॅप बनवली आहेत. दोन फोन घेऊन ती गच्चीवर फिरते. दोन्हींवर एकाच जीपचा ठिपका वेगळ्या जागी दिसला की त्यालाच रागावते, "कोठे भटकी ऱ्हायना रे?" माणसांशी मात्र तुटक बोलते.

परवा मी तिच्याकडे असताना एक गृहस्थ आले. त्यांची मुलगी स्वतःच्या पसंतीचं लग्न करायला घरातून निघून गेली होती. तिच्या फोनमध्ये हे अ‍ॅप होतं.

"मन्ही पोर कोठे शे? सांग ना बेटा."

"काका, प्रवासी कोठे शे ते माले दिखत नही."

ते गेले. तिने लॅपटॉपवर त्यांनी दिलेला मुलीचा नंबर टाकला. ठिपका खांडबारा स्टेशनात होता.

मग प्रवाशांच्या जागा साठवणारा भागच तिने काढायला घेतला.

"या माहितीवर चालणारी बाकीची अ‍ॅप बंद पडतील ना?" मी विचारलं.

"पडू द्या."

हळूहळू नकाशावरचे प्रवासी नाहीसे झाले. जीपगाड्या तेवढ्या चालत राहिल्या.