एका टाचेला वीस वाट्या

सासूबाईंच्या उजव्या टाचेला भेग पडली तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. गावाकडं चारा उरला नव्हता. राहिलेली मेंढरं विकून त्या आमच्याकडं राहायला आल्या होत्या. आमचं घर पैठण रोडला, नव्या गुंठेवारीत. कालपरवापर्यंत जिथं ज्वारी होती तिथं प्लॉट पडलेले, रस्ते मुरमाचे, पाइपलाइन अजून यायची होती. नवऱ्याची कंपनी चितेगावला, म्हणून शहराच्या या टोकाला आम्ही जागा घेतली. पाणी टँकरचं. एकदा ड्रम भरले की पुढच्या टँकरपर्यंत तेवढ्यातच भागवायचं. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला, फरशीचं संडासात. हा हिशेब मी बसवला होता आणि तो मोडलेला मला खपत नसे.

सासूबाईंना शुगर होती. गोळी चालू होती, पण पथ्य मनाला येईल तसं. त्यामुळं ती भेग मला साधी वाटेना. माझ्या सख्ख्या मामांचा पाय अशाच एका भेगेवरून घोट्याच्या वर कापावा लागला होता. ते घरात कुबड्या घेऊन कसे फिरायचे ते मी पाहिलेलं. म्हणून मी क्रांती चौकातल्या मेडिकलमधून जंतुनाशकाची बाटली आणली. तपकिरी, उग्र वासाचं, पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होणारं औषध असतं ना, तेच. बाटलीवरचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचला आणि सासूबाईंना समजावून सांगितला. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात.

“आत्या, हे नुसतं लावायचं नाही. एक वाटी औषध असेल तर वीस वाट्या पाणी, असं प्रमाण आहे.”

“एका टाचेला वीस वाट्या? तेवढ्यात मेंढरू न्हाऊन निघंल.”

“प्रमाण सांगतेय मी. तुम्ही एक चमचा घ्या आणि वीस चमचे पाणी घाला. कपभर होतं.”

“मगाशी वाट्या म्हणलीस.”

मी पुन्हा सांगितलं. वाटी असो, चमचा असो, टोपण असो, एकाला वीस. त्या माझ्याकडं अशा बघत राहिल्या की जणू मीच हिशेब फिरवतेय. मग त्यांनी स्वतःच्या डोक्यानं काटकसर सुरू केली. एकदाच मोठ्या तांब्यात पांढरं पाणी कालवायचं, तांब्या खाटेखाली झाकून ठेवायचा आणि तेच रोज वापरायचं. मला ते सापडलं तेव्हा त्यावर मुंगी तरंगत होती. मी सांगितलं की कालवलेलं औषध लगेच वापरायचं, उरलं तर टाकून द्यायचं. पातळ केलेल्या औषधात दम टिकत नाही आणि शिळ्या पाण्यात उलट जंतूच वाढतात. एवढं बोलून मी तांब्या संडासात ओतला. तो ओतताना त्यांनी पाहिला. संध्याकाळी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नवऱ्याला मात्र ऐकू जाईल असं म्हणाल्या, “पाण्याची किंमत शेतकऱ्याच्या लेकीला नाय कळत, त्याला मेंढरामागं फिरावं लागतंय.”

माझं माहेर शेतकऱ्याचं. आमच्याकडं विहीर होती, हे त्या मला अधूनमधून ऐकवायच्या.

त्यानंतर आठवडाभर तांब्या दिसला नाही, पाणी मागितलं नाही. मला वाटलं, सुटले. पण बाटली उचलली तर हलकी लागली. माझ्या प्रमाणानं ती वर्षभर पुरायला हवी होती, ती तळाला गेली होती. मी खाटेजवळ जाऊन टाच बघितली. भेगेच्या कडेची कातडी पांढरीफटक पडून सुटत होती, आतलं मांस राखी दिसत होतं, आणि भेग आधी होती त्याहून रुंद झाली होती.

“आत्या, तुम्ही हे नुसतंच लावता?”

“व्हय. पाण्यात घालून पातळ कशाला करायचं? पाणी बी वाचतंय.”

“आधी जखम धुता तरी का?”

“धुवायला काय झालं? हे औषिधच हाय की.”

मी तिथंच खाली बसले आणि डोकं धरलं. आधी पाण्यानं घाण काढायची, मग औषध, कारण माती आणि पू असला की औषध त्यातच खर्च होतं, जंतूंपर्यंत पोचत नाही. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पुन्हा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुझं औषिध पाणचट हाय. दुकानदारानं फसवलं तुला.”

“कशावरून?”

“झोंबत नाय. मेंढराचा खूर सडला की आमी मोरचूद लावायचो. लावलं की मेंढरू चार हात उडी मारायचं. तवा कळायचं, लागलं म्हणून. हे आख्खी बाटली वतली तरी झोंबत नाय.”

मला ती फुशारकी वाटली. रानात अनवाणी फिरलेल्या बाईचा ताठा. नवरा कामावरून आला तेव्हा मी त्याला टाच दाखवली. तो आईला म्हणाला, “माय, ही सांगतेय तसं कर की.” मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, “तिनं एवढा कळप सांभाळलाय, तिला काहीतरी कळत असेल.” दोघींच्या मधे उभं राहून दोघींना हो म्हणायची कला या माणसाला कुणी शिकवली, देव जाणे. मी म्हणाले, “मामाचा पाय आठवतो ना? मग उद्या सुट्टी काढ.”

उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात त्यांना न्यायलाही भांडण झालं. भेगेसाठी कुणी डॉक्टरकडं जातं का, लोक हसतील, वगैरे. डॉक्टर तरुण होते. त्यांनी जखम पाहिली, काय लावलं ते विचारलं, मी बाटली पुढं केली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाले, “आजी, डोळे मिटा. मी पायाला बारीक दोरा टेकवतो. टेकला की ‘हो’ म्हणायचं.”

सासूबाईंनी डोळे मिटले. डॉक्टरांनी नायलॉनचा ताठ दोरा आधी अंगठ्याला टेकवला, मग करंगळीखाली, मग तळव्याच्या मधोमध, मग टाचेजवळ. दोरा दरवेळी वाकत होता.

“लावा की मग,” सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. “कवाची वाट बघत्येय.”

नवरा खुर्चीवरून उठला आणि परत बसला. इतके दिवस मी त्यांच्याशी प्रमाणावरून भांडत होते, आणि त्या खरंच सांगत होत्या. झोंबत नव्हतं. शुगरनं पायातली संवेदना गेली होती. आणि झोंबत नाही म्हणून औषध कमी पडतंय, असं समजून त्या रोज जास्त ओतत होत्या.

डॉक्टरांनी सरळ भाषेत सांगितलं. हे औषध जंतूचं वरचं कवच फोडतं, आतलं सगळं बाहेर गळतं आणि जंतू मरतो. पण जंतू कोण आणि माणसाची नवी कातडी कोण, हे त्याला कळत नाही. पातळ करून, ताज्या खरचटण्यावर, एखाद्या वेळी ठीक. नुसतं ओतलं की भरू पाहणारं मांसही जळतं. खोल किंवा जुन्या जखमेवर, आणि शुगरवाल्याच्या पायावर तर आपल्या मनानं काहीच ओतायचं नाही. या टाचेला त्यांनी ते औषध बंदच केलं. उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवायचं, त्यांनी दिलेली पट्टी बदलायची, टाचेवर भार द्यायचा नाही, गोळी चुकवायची नाही. “वेळेत आलात,” ते म्हणाले. “अजून हाडापर्यंत गेलेलं नाही. पण आता पाय तुम्हाला सांगणार नाही, तुम्हीच त्याला बघायचं.”

“म्हंजी औषिध खरं हुतं,” बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या. एवढ्या सगळ्यातून त्यांनी उचललं ते हे. रिक्षात बसेपर्यंत मात्र त्या दोनदा थांबल्या आणि चपलेतून पाय काढून तळव्याला नखानं टोचून पाहिलं.

टाचेचं पाणी माझ्या हिशेबात नव्हतं. ते मी माझ्या आंघोळीतून काढलं आणि ते मी रोज बोलून दाखवलं, कारण गप्प राहून करायची माझी प्रकृती नाही. जखम भरायला पुढचा पावसाळा उजाडला. पण भरली.

खरी कटकट त्यानंतर. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चटका बसला, काच घुसली, तरी त्यांना कळणार नव्हतं. मी मऊ तळाच्या नव्या चपला आणल्या. सासूबाईंनी त्या खाटेखाली सारल्या.

“रांधायच्या घरात चपला? आमच्यात नाय चालत.”

“या रस्त्यावर गेलेल्याच नाहीत, आत्या. नव्या आहेत.”

“नव्या असल्या तरी चपलाच की. तिथं देव हायेत.”

आमचा देव्हारा स्वयंपाकघरात, ओट्याच्या बाजूच्या कोनाड्यात. आठवडाभर मी सांगितलं, नवऱ्यानं सांगितलं, फोनवर नणंदेनं सांगितलं. त्या आमच्यासमोर चपला घालायच्या आणि दाराशी काढून आत जायच्या, जिथं तवा तापलेला असतो आणि विळी उघडी असते, नेमकं तिथंच. एका सकाळी तळव्याला फोड दिसला. कसला ते त्यांना सांगता आलं नाही. निखारा नव्हता, गॅस आहे. बहुधा खाली उतरवून ठेवलेल्या गरम भांड्याला पाय लागला असावा.

त्या दिवशी मी कुणाला न विचारता देव उचलले, कोनाडा पुसला आणि देव्हारा बाहेरच्या खोलीत, त्यांच्या खाटेच्या उशाशी भिंतीला ठोकून घेतला. आता स्वयंपाकघरात त्यांचं काही काम उरलं नाही. चहाही बाहेरच देते. त्या खाटेवर बसूनच दिवा लावतात, दोन्ही पाय वर घेऊन. संध्याकाळी मी तळवे उजेडात धरून बघते. त्याआधी त्यांचं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून झालेलं असतं की सुनेनं देवाला घराच्या आतून बाहेर काढलं.