काकूची हाक

कपाट आवरताना आबांचा बटणांचा फोन सापडला आणि जुना संताप उसळला.

आबा म्हणजे रिहे गावातले माझे चुलते. काकू गेल्यावर त्यांच्या फोनची रिंगटोन एकच होती, म्हशीला बोलावणारी काकू: "चंद्रे, ये गं घरला!" एके दिवशी ती वाजेना. पौडच्या मोबाईलतज्ज्ञाने गंभीर चेहरा करून काकूच्या हाकेसकट फोनमधलं सगळंच पुसलं आणि म्हणाला, "घ्या, नव्यासारखा!"

"नवा कुणी मागितला व्हता रं?" आबा एवढंच म्हणाले.

आबांना घेऊन परतताना मला आठवलं. आदल्या दिवशी सरपंचांच्या सत्कारात, भाषण चालू असताना आबांच्या खिशातून काकू ओरडू नये म्हणून मीच आवाज बंद केला होता. त्या भाषणातला एक शब्दही लक्षात नाही.

आबा जाईपर्यंत मी त्यांच्यासमोर त्या दुकानदारालाच शिव्या देत राहिलो.