पावशेर वारा

आमच्या आत्याबाईंचा देवावर विश्वास होता, पुजाऱ्यावर नव्हता. देवळातलं तीर्थसुद्धा आधी हुंगून मग तोंडात घालायच्या. माझ्या सासऱ्यांची ही थोरली विधवा बहीण, आणि वाईच्या आमच्या घराचं सगळं स्वयंपाकघर त्यांच्या हाती. सांगलीहून लग्न होऊन आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "विकणाऱ्याच्या हाती माप द्यायचं नाही हो, सूनबाई. जग लबाड आहे."

उन्हाळ्यात पसरणीच्या घाटातून भागा धनगरीण करवंदांची पाटी घेऊन यायची. करवंदं मिळायची मापानं, मुरंब्याला साखर लागायची वजनानं, फळाइतकीच. घरी तराजू नाही आणि वाण्याच्या तराजूवर आत्याबाईंचा काडीचा भरवसा नाही! म्हणून एके वर्षी त्यांनी शेरभर मापाची तीच करवंदं तीन वाण्यांकडे नेऊन तोलून घेतली होती. तिघांचं एकच आलं: मापाचा शेर, तराजूवर पाऊण शेर. "उरलेला पावशेर वारा," आत्याबाई म्हणायच्या. "फळाफळांच्या मधे बसतो मेला. त्याला कशाला साखर घालायची?" चार मापांना तीन शेर साखर, हा त्यांचा कायदा.

ते लढाईचे दिवस. साखर रेशनवर. सगळ्या घरानं तीन-चार महिने गुळाचा चहा पिऊन तीन शेर साखर मुरंब्यासाठी राखली होती. आणि भागा आली त्याच दिवशी आत्याबाईंना ताप. माप माझ्या हाती आलं.

पहिलं माप भागानंच भरून ओतलं आणि म्हणाली, "लाभ!" मला वाटलं, देवाचं नाव घ्यावं तसं काहीतरी म्हणाली असेल. मग बजावणी आठवून मी तिच्या हातातून माप घेतलं आणि स्वतः मोजलं. एक, दोन, तीन, चार.

"आवं वैनी, पाच झाली की," भागा म्हणाली.

"चारच! मोजलीत मी." आवाज थेट आत्याबाईंचा लागला होता. मला तेव्हा त्याचा अभिमानही वाटला.

"बरं, ऱ्हाऊ द्या," म्हणून तिनं पाटी उचलली.

पंधरा दिवसांत मुरंबा फसफसला. बरणी उघडली तर आंबट भपकारा. आत्याबाईंनी भागाला दारातच धरलं. "फळ ताजं दिसावं म्हणून पाणी मारलंस ना गं त्याच्यावर?"

"बिरोबाची आन हाय, आत्याबाई! फडक्यानं फुसून आनलं व्हतं."

कोण ऐकतो? आत्याबाईंनी आळीभर सांगितलं. त्या मोसमात आमच्या आळीत भागाच्या पाटीला कुणी हात लावला नाही. ती जांभळं घेऊन हाका मारत जायची आणि दारं उघडायची नाहीत. मी खिडकीतून बघायचे, आणि मलाही ती लबाडच वाटायची.

दिवाळीनंतर शेतावरचं भात सोप्यात मोजायला घेतलं. गड्यानं पहिलं माप ओतलं, "लाभ!" दुसरं ओतलं, "दोन!"

"आणि एक कुठं गेलं?" मी विचारलं.

"अगं, लाभ म्हणजेच एक," आत्याबाई हसल्या. "पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, बरकत जाते. तुमच्या सांगलीत मापं नसतात वाटतं?"

माझे वडील कारकून. आमच्याकडे धान्य दुकानातून तोलून यायचं. तिथंच रडत सगळं सांगितलं. पाच मापं होती, साखर चारांचीच पडली, म्हणून मुरंबा फसफसला होता. भागानं वर एक माप फुकट दिलं होतं.

आत्याबाई म्हणाल्या, "सगळ्या गावावर संशय घेतला मी. तुझ्यावर तेवढा घेतला नाही."

पुढच्या उन्हाळ्यात त्या स्वतः घाटाच्या पायथ्याशी जाऊन भागाला घेऊन आल्या. "चुकलं गं माझं," म्हणाल्या. माप तिच्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. "तूच मोज. मी बघत नाही."

भागानं माप खाली ठेवलं. "न्हाई आत्याबाई. तुमी बघा. कुनी बघितल्याबिगर मी आता कुनाच्या दारात मापत न्हाई."

आत्याबाई वळल्या. भागानं भरलेलं माप त्यांच्या तोंडासमोर धरलं. "लाभ. बघितलं?"

चारही मापांना तिनं तेच विचारलं. चारही वेळा आत्याबाई "बघितलं गं बाई" म्हणाल्या, आणि चारही वेळा त्यांची नजर जमिनीवर होती.