नदीकाठचं एक्स्चेंज

पिंपरी पेंढारला आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पाण्याच्या मोटारींत आमचे हे नवी तार भरून देतात आणि काउंटरवर मी बसते. मोबाईल स्टार्टर निघाल्यापासून माझं काम वाढलं. पूर्वी लाईट आली का ते बघायला माणूस नदीवरच्या मोटारीपर्यंत गाडी काढायचा. आता स्टार्टरच्या डब्यात सिमकार्ड घातलं की लाईट आल्याबरोबर डबाच मालकाला फोन करतो. मालकानं घरबसल्या बटण दाबलं की मोटार चालू.

आमच्या नदीकाठी एका पत्र्याच्या शेडमध्ये कितीतरी शेतकऱ्यांचे असे डबे भिंतीवर ओळीनं बसवलेत. बहुतेक आमच्याच दुकानातले, एक आमच्या स्वतःच्या मोटारीचा. त्यांची सिमकार्डंही आम्हीच आणून द्यायचो. पाणी द्यायची घाई असलेला माणूस कागदं शोधत बसत नाही, म्हणून मग कधी ह्यांच्या नावावर, कधी माझ्या, कधी दिरांच्या. यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

द्राक्षांच्या हंगामात एका दुपारी दुकानासमोर जीप थांबली. पुण्याहून टेलिफोन खात्याचे दोन साहेब आले होते, एक वयस्कर, एक तरुण. सोबत नारायणगाव ठाण्याचे, आपल्याच भागातले हवालदार.

थोरल्या साहेबांनी नंबर वाचून दाखवले आणि विचारलं, "ताई, ही सिमकार्डं तुमच्या घरच्यांच्या नावावर आहेत. आत्ता कुठं आहेत?"

"नदीवर."

"नदीवर? तिथं कोण बोलतं त्यांच्यावरून?"

"कुणीच नाही. मोटारी बोलतात."

तरुण साहेबांना वाटलं मी थट्टा करतेय. ते जरा चढ्या आवाजात म्हणाले, "ही कार्डं कधी जागची हलत नाहीत. सगळी एकाच टॉवरखाली. आणि रोज एकदम, एकाच वेळी फोन लावतात. बाहेरच्या देशातून इंटरनेटवर आलेले फोन कुणीतरी विनापरवाना या सिमकार्डांतून आत सोडतंय, म्हणजे चोरटं टेलिफोन एक्स्चेंज चालवतंय, असा संशय आहे."

विनापरवाना एवढाच शब्द मला नीट कळला होता. हे आतून आले, हाताला व्हार्निश तसंच. म्हणाले, "साहेब, सांगून तुम्हाला पटायचं नाही. चला, दाखवतो."

दुकान शेजारणीवर सोपवून मीही जीपमध्ये बसले. वाटेत हवालदार चुळबुळ करायला लागले. शेवटी म्हणाले, "साहेब, त्यातला एक डबा आमच्या आईचा हाय."

"मग सकाळपासून बोलला का नाहीत?"

"तुमी एक्स्चेंज म्हनला व्हता. स्टार्टर म्हनला असता तर नारायणगावातच सांगितलं असतं की राव!"

शेडवर पोचलो तर लाईट नव्हती. त्या आठवड्यात ती दुपारनंतर यायची. मग काय, बसलो. शेजारच्या बागेतून द्राक्षांची पाटी आली, कुणीतरी चहा आणला. तरुण साहेबांनी मात्र चहा बाजूला ठेवून एकेक डबा उघडला, फोटो काढले, आत डोकावून पाहिलं. प्रत्येक डब्यात एकच कार्ड बघून त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

आणि लाईट आली. भिंतीवरचे दिवे एकदम लागले, डब्यांमध्ये टिकटिक झाली आणि ह्यांच्या खिशातला फोन वाजला. हवालदारांचा वाजला. पलीकडच्या बांधावर दोघांचे वाजले. हवालदारांनी स्पीकर लावला तर बाईचा ठसठशीत आवाज, "थ्री फेज सप्लाय आलेला आहे. मोटार चालू करण्यासाठी एक दाबा."

"दाबा की!" थोरले साहेब म्हणाले.

हवालदारांनी एक दाबला. मोटार घरघरली आणि तरुण साहेबांच्या मागच्या पाइपाचा सांधा गळका असल्यामुळे पिचकारी थेट त्यांच्या पाठीवर. पहिल्यांदा हसले ते तेच. मग सगळे हसलो. चहाही त्यांनी तेव्हाच घेतला.

थोरल्या साहेबांनी मग नीट समजावून सांगितलं. ज्यांना हुडकत ते फिरत होते ते लोक एकाच पेटीत ढीगभर सिमकार्डं घालतात. परदेशातला फोन नेटवरून त्या पेटीत येतो आणि पुढं साध्या गावातल्या फोनसारखा वाजतो. असं करायला सरकारचं लायसन्स लागतं, कारण खरा बोलणारा कोण ते शोधता येत नाही आणि फसवणारे नेमकी तीच वाट धरतात. "तुमच्याकडं कुणाला परदेशातून फोन येतो आणि नंबर इकडचाच दिसतो, असं होतं का?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. माझी धाकटी नणंद आखातात नर्स आहे. तिचा फोन दर वेळी वेगळ्याच आपल्याकडच्या नंबरवरून यायचा, आणि ती कशी सोय करते याचं मला कौतुक वाटायचं. मी फोन पुढं केला. साहेबांनी नंबर टिपून घेतले आणि म्हणाले, "त्यांची चूक नाही, त्यांना कुणीतरी स्वस्तातलं अॅप दिलं असणार. तिकडं परवानगी असलेलं अॅप घ्यायला सांगा. आणि ताई, ही कार्डं ज्याची त्याच्या नावावर करून घ्या."

दुसऱ्याच दिवशी दुकानात जत्रा भरली. सिमकार्डवाला मोबाईलवर एकेकाचा फोटो काढत होता. हवालदारांच्या आईंची पाळी आली. तो म्हणाला, "आजी, कॅमेऱ्याकडं बघून डोळे मिचकावा."

आजी ताडकन उठल्या. "मी? परक्या मानसाला डोळा मारू? ह्या वयात?"

नियमच तसा आहे, फोटोतला माणूस जिवंत आहे हे कळावं म्हणून, असं सांगून सगळे थकले. "जित्ती हाय म्हनून तर बोलतेय न्हवं," हे त्यांचं उत्तर. शेवटी आम्ही दुकानातल्या सगळ्या बायकांनी त्यांच्यासमोर डोळे मिचकावले, तेव्हा पदर तोंडाला लावून, हसता हसता त्यांचे डोळे आपोआप मिटले आणि सिम चालू झालं.

नणंदेनं आधी कुरकुर केली. तिकडं नेहमीच्या अॅपवरून फोन लागत नाही, परवानगी असलेलं वेगळं घ्यावं लागतं. पण घेतलं. पहिला फोन आला तोच व्हिडिओचा. इतके दिवस नुसता आवाज ऐकत होतो, आता समोर चेहरा. तिनं केस खांद्यापर्यंत कापलेले.

"अगं, हे कधी केलंस?"

"वैनी, वर्ष झालं! तुला सांगायचंच राहिलं बघ."

मी तिला आजींची गोष्ट सांगायला घेतली. ती इतकी हसली की तिच्या हातातला फोन हलून आम्हाला कधी छत दिसत होतं, कधी तिचे नवे केस.