दोन मडकी

टपाल कचेरीत लाख वितळल्याचा करपट वास आला, की मला ग्वाल्हेर संस्थानच्या हद्दीवरचा नाका आठवतो. मोटारसायकलवर मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून झाशीला, बाळंतीण बहिणीकडे निघालो होतो. परवान्यावर एक मोहर कमी निघाली. नाक्यावरचा म्हातारा कारकून म्हणाला, "कागद लष्करला परत जाईल. दोन दिवस थांबा." गाडीच्या मागे आईने लेकीसाठी दिलेलं, पांढऱ्या फडक्याने तोंड बांधलेलं तुपाचं मडकं होतं. त्याकडे बोट दाखवून मी बेधडक सांगितलं, "आईच्या अस्थी आहेत. प्रयागला नेतोय." म्हातारा आमच्यासारखाच दक्षिणी, म्हणजे मराठी होता. चपला काढून त्याने मडक्याला हात जोडले, तिथल्या तिथे लाख वितळवली आणि स्वतःच्या अखत्यारीत मोहर उमटवली. मग नाक्यामागच्या पिंपळाला टांगलेलं एक लहान मडकं तो दोन्ही हातांनी घेऊन आला. "माझ्या आईच्या आहेत. साल होत आलं, भैया, रजा काही मिळत नाही. हिलाही घेऊन जा." उन्हाने तूप पातळ होऊन फडक्यातून पाझरू लागलं होतं. म्हाताऱ्याला तुपाचा वास येईल या धास्तीने मी त्याचं मडकं घेतलं आणि सुटलो. झाशीच्या अलीकडे, वाटेतल्या पहिल्याच नाल्यात ते सोडून दिलं. पुढे आईच्या खऱ्या अस्थी घेऊन मी संगमावर गेलो, तेव्हा त्या दुसऱ्या आईसाठीही ओंजळभर पाणी सोडावं म्हटलं. पंड्याने नाव विचारलं. त्या दिवशी नाक्यावर मी ते विचारलंसुद्धा नव्हतं.