कानासाठी एका खोलीचं भाडं

मी शाळेतून निवृत्त झाले, आमचे हे पिरंगुटच्या एका कारखान्यातून. ह्यांनी आयुष्यभर पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काम केलं आणि कान तिथेच ठेवून घरी आले.

आमच्या विम्याची तऱ्हा अशी, की दवाखान्यात भरती झाल्याशिवाय पैसा मिळत नाही. दात, चष्मा, कान यांसाठी कोण भरती करून घेतं? म्हणून घरामागच्या भाड्यानं दिलेल्या दोन खोल्यांपैकी एकीचं भाडं मी या तिघांसाठी बाजूला काढू लागले. आधी माझी कवळी झाली, मग ह्यांचा चष्मा. कानावर मात्र गाडी अडली.

"मशीन नगं. मला समदं ऐकू येतंय," हे म्हणायचे. टीव्ही तेव्हा सगळ्या आळीला ऐकू जात असायचा.

मग मी ओरडून बोलायचे. गॅस संपला तरी ओरडून, पाहुणे येणार असले तरी ओरडून. नवरा-बायकोत हळू बोलण्यासारखं म्हातारपणीही काहीबाही असतंच. ते बोलणंच बंद पडलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं.

एका सकाळी मी स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, पोट साफ झालं का?" ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा, आणखी जोरात. दुपारी मागची भाडेकरीण पिकलेली पपई घेऊन दारात हजर. "काकांसाठी," म्हणाली. ह्यांचं तोंड लालबुंद झालं. ती जाताच म्हणाले, "चल बाई, कुटं मिळतं ते मशीन?"

पुण्यात तपासणी झाली. जोडीची किंमत ऐकून मी पर्स छातीशी धरली. साठलेल्या भाड्यात एकच बसत होतं. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "दोन्ही कान सारखेच आहेत. सध्या एक घ्या, दुसरं पुढे बघू. कुठल्या कानाला लावू?"

हे फोन उजव्या कानाला धरतात, म्हणून मला वाटलं उजवाच सांगणार.

"डाव्या," हे म्हणाले. "ही डाव्या अंगाला बसती."

मी भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे उगाच बघत राहिले.

घरी आल्यावर सवयीनं ओरडले, "चहा टाकू का?"

"हळू बोल की. येतंय ऐकू."

पण मला हळू बोलताच येईना. गळाच तसा झाला होता. आधी हसू आलं, मग रडू. शेवटी ह्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि मागच्या खोलीत कळू नये असं काहीतरी कुजबुजले. हे लाजले, आणि तितक्याच हळू आवाजात त्यांनी उत्तर दिलं.